बाघ नदीचा गाळ आणि दसरूभाऊंचा दुपट्टा

तेहतीस वर्षं मी चिखलाचं वजन केलं. सरकारी कागदावर या कामाचं नाव बरंच भारदस्त आहे. पण लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी विचारलं, "पोरगा करते काय?" तेव्हा माझ्या मामांनी एका दमात सांगून टाकलं, "नदीच्या पान्यात माती किती आहे, ते मोजते." माझे होणारे सासरे आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या बाजूचे, धानाचे शेतकरी. ते फार सावधपणे म्हणाले, "अन् मोजून झालं का मंग ते माती वापस नदीत टाकते काय?" मामा म्हणाले, "नाही जी, फाईलीत ठेवते." लग्न ठरलं. बायकोचं अजून म्हणणं आहे की तिच्या बाबांनी फक्त 'फाईल' एवढाच शब्द ऐकला होता.

पुढं सासऱ्यांना मी माझं काम नीट समजावून दिलं, तसंच तुम्हालाही देतो. नदी नुसतं पाणी नेत नाही. पावसाळ्यात शेतांची, डोंगरांची, रस्त्यांची माती घेऊन ती निघते आणि वाटेत धरण आलं की तिथं ठेवून देते. सासऱ्यांचं शेत इटियाडोह धरणाच्या पाण्यावर. धरणात माती साठत गेली की पाण्याला तेवढी जागा कमी पडणार, म्हणून कोणती नदी किती माती आणते हे कुणीतरी मोजत बसायला हवं. "म्हणजे तुमी मोजलं का माती कमी येते?" सासऱ्यांनी विचारलं. नाही, तेवढीच येते. "मंग मोजता कायले?" या प्रश्नाचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत देत होतो.

मोजायची रीत सोपी आहे. आमचं केंद्र बाघ नदीच्या काठावर. अलीकडं गोंदिया जिल्हा, पलीकडं मध्य प्रदेश. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जाड तार ताणलेली आणि तारेवर ठरावीक अंतरावर रंगाच्या खुणा. नाव त्या तारेला अडकवून एकेका खुणेपाशी न्यायची आणि तिथं लोखंडी चौकटीत बसवलेली वजनदार बाटली पाण्यात सोडायची. किती खोल सोडायची हे ठरलेलं असतं. वरचं पाणी हलकं, तळाचं जड, म्हणून अध्येमध्ये. बाटलीला बूच, बुचाला दोरी. योग्य खोलीवर दोरी ओढली की बूच निघतं, बाटली भरते. वर काढायची, दुसऱ्या बाटलीत ओतायची, चिठ्ठी लावायची, पुढच्या खुणेवर जायचं.

काठावरच्या आमच्या खोलीत या बाटल्या दोन दिवस नुसत्या ठेवायच्या. माती तळाशी बसते. वरचं निवळ पाणी काढून टाकायचं, उरलेलं कागदातून गाळायचं, कागद ओव्हनमध्ये वाळवायचा आणि इतक्या नाजूक तराजूवर तोलायचा की तोलताना श्वाससुद्धा सांभाळून घ्यावा लागतो.

त्या तराजूची कीर्ती पंचक्रोशीत पसरली होती. बायका नाकातली फुली घेऊन यायच्या. "सोनार खोटं बोलते का खरं, तेवढं पाहून द्या ना भाऊ." मी वजन सांगायचो, त्या मान हलवायच्या आणि सोनाराशी भांडायला जायच्या. एकदा गोंदियाचा एक रेतीवाला गाडीतून उतरला. "भाईसाब, सुना है आप के पास पूरा हिसाब रहता है, कल मेरे घाट पे कितनी रेती आयेगी?" मी त्याला सांगितलं, आम्ही नदीनं काल काय नेलं ते सांगतो, उद्या काय देईल ते नाही. तो निराश होऊन म्हणाला, "इतनी बढिया मशीन, और काम एकदम फालतू." ओव्हनचंही तेच. आठ-आठ दिवस झड लागली की ओव्हनमध्ये मोजे सापडायचे. एकदा सुके झिंगे सापडले, त्यानंतर पंधरा दिवस आमच्या सगळ्या अहवालांना कालवणाचा वास येत होता.

झिंगे दसरूभाऊंचे होते. दसरूभाऊ आमचे नावाडी. जातीनं ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमारी करणारे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, काटकुळे, खांद्यावर बारा महिने लाल दुपट्टा, म्हणजे गमछा. दरवर्षी पावसाळ्यापुरतं त्यांना कामावर घ्यायचं आणि दसऱ्याच्या सुमाराला सोडून द्यायचं, असं कैक वर्षं चाललं होतं. ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी त्यांना कायम करण्याची फाईल अखेर मोठ्या ऑफिसात पोचली होती. रोज सकाळी ते विचारायचे, "साहेब, फाईल कोठी आली जी?" नवसाची कोंबडीही त्यांनी पाहून ठेवली होती.

आता एक कबुली. नोकरीच्या अर्जात 'पोहता येते का?' असा रकाना होता. मी 'होय' लिहिलं होतं. खरं म्हणजे मला गुडघाभर पाण्यातसुद्धा घाम फुटतो. आमचं गाव कोरडवाहू टेकाडावरचं, लहानपणी मी बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातसुद्धा उतरलो नाही. नावेत बसायला माझा एक कनिष्ठ सहकारी होता, त्यामुळं माझं पितळ झाकलेलं राहिलं. तो त्या जूनमध्ये बदलून गेला. नियमानं त्याच्या जागी मी नावेत बसायला हवं होतं. मी दसरूभाऊंना बाटल्या भरायला शिकवल्या, काठावरच्या पळसाखाली खुर्ची टाकली आणि तिथून हात हलवत देखरेख करू लागलो. नोंदवहीत सही करायचो, 'नमुने माझ्या समक्ष घेतले.' समक्ष म्हणजे लांबून नाव दिसत होती, एवढं खरं.

जुलै लागला. रोवणीची घाई, पाऊस दणकून, नदी चहाच्या रंगाची. आणि माझ्या कागदांवर माती जवळजवळ नाहीच. मी पुन्हा तोललं. तराजू तपासला. आधी तोललेली एका बाईंची फुली पुन्हा तोलून पाहिली, ती बरोबर आली. पहिल्या आठवड्यात मला भीती वाटली, दुसऱ्या आठवड्यात अभिमान वाटायला लागला. मी चार पानी टिपण लिहून वर पाठवलं. या भागातल्या शेतकऱ्यांनी भातखाचरांचे धुरे, म्हणजे बांध, नीट बांधल्यामुळं आणि जंगल राखल्यामुळं बाघ नदीतला गाळ लक्षणीय घटला आहे, असं त्यात बजावून लिहिलं. मोठ्या साहेबांचा फोन आला. "उत्तम निरीक्षण." मी घरी पेढे नेले.

एकच गोष्ट खटकत होती. जवळजवळ प्रत्येक कागदावर एखादा बारीक लाल तंतू चिकटलेला असायचा. मी मोठं भिंग लावून पाहिला आणि नोंदवहीत लिहिलं, 'लालसर वनस्पतिजन्य तंतू, बहुधा वरच्या अंगाच्या जंगलातून.' त्याचं वेगळं वजनही केलं. मला वाटलं, एखादी नवी पाणवनस्पती सापडली असेल. तिला माझं नाव द्यावं का, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

ऑगस्टच्या मध्यावर पत्र आलं. आपल्या केंद्रावर गाळाचं प्रमाण नगण्य असल्याचं आपल्याच अहवालांवरून दिसतं, सबब हे केंद्र चालू ठेवण्याची गरज नाही. पाहणीसाठी सहायक अभियंता येत आहेत, त्यानंतर अंतिम निर्णय. मी पत्र दोनदा वाचलं. माझी बदली दुसरीकडं झाली असती. पण केंद्र बंद म्हणजे नावाडी नको, आणि नावाडी नको म्हणजे दसरूभाऊंची फाईल तिथल्या तिथं संपली.

सांगायला दुपारी नदीवर गेलो. दसरूभाऊ सकाळची फेरी करून, नाव लावून बसले होते, बाटल्या ओळीत ठेवलेल्या. त्यांनी दुपट्टा पळसाच्या फांदीवर वाळत टाकला होता आणि तो वाऱ्यानं हलत नव्हता. हात लावला तर वाळलेल्या पापडासारखा कडक. झटकला तर खाली मातीचा ढीग पडला. मूठभर नव्हे, चांगली ओंजळभर. दुपट्ट्याच्या मधोमध एक भोक, आणि भोकाच्या कडेनं लाल तंतू सुटलेले.

माझी पाणवनस्पती मला दिसली.

"भाऊ," मी विचारलं, "बाटली भरताना तुमी या दुपट्ट्याचं काय करता?"

"गाळतो ना जी," ते म्हणाले. "तोंडावर दुपट्टा धरतो, वरून पानी टाकतो. बरं निंगते."

"पण काऊन?"

त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. "साहेब, हे पानी मोठ्या साहेबाइच्या नावानं जाते. एवढं गढूळ पानी पाठवाचं कसं? घरी पाहुना आला तं आपन गाळूनच पानी देतो का नाही? लेकीले पाहाले आले तं तिले न धुता समोर उभी करतेत काय? आपल्या नदीची इज्जत हाय ना जी."

"आधीचा पोरगा तर तसंच भरायचा."

"ते घाईघाईनं भरत. मले पटत नोयतं. पन माह्या हातात काम आलं, मंग म्या बराबर केलं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अन् तुमी बी तं खोलीत गाळताच. कागदातून. म्या पाहेलं हाय खिडकीतून. फक्त तुमचं थोडं उलटं होते साहेब. तुमी चांगलं पानी फेकून देता अन् घान तोलून ठेवता. म्या गावात कोनाले नाही सांगतलं."

मी पळसाच्या मुळावर बसलो. हसू येत होतं. माणसानं एवढ्या निष्ठेनं, दररोज, पुराच्या पाण्यात एक हात तारेला धरून सगळी नदी दुपट्ट्यातून गाळली होती. आणि हे उघड झालं तर कागदावर या सगळ्याला नाव एकच पडणार होतं: नमुन्यांत फेरफार. कायम होणं दूरच, पुढल्या पावसाळ्यात कुणी काठावरही उभं केलं नसतं. गप्प राहिलो तर केंद्र बंद. बोललो तर दसरूभाऊ बाहेर. उद्यापासून नुसते खरे नमुने पाठवले तर एका दिवसात एवढी माती आली कुठून, हा प्रश्न येणारच.

घरी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "अवो, तुमी नावेत बसले असते तं हे झालं असतं काय?" मी म्हटलं, नसतं झालं. "मंग चूक कोनाची?" मी तिच्या सुपातले खडे वेचू लागलो. ती म्हणाली, "माह्या बाबाले तुमी सांगतलं होतं का तुमी नदीवर काम करता. काठावर करता म्हनून नोयतं सांगतलं."

पाहणीला आलेल्या मॅडम तिशीच्या, सांगलीकडच्या. जीपमधून उतरल्या त्याच मुळी केशरी लाइफ जॅकेट घालून. मी रात्रभर पाठ केलेली कबुली तोंडाशी आणली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी एक नमुना माझ्यासमोर घेऊ, मग बोलू. चला, तुम्हीही या नावेत." नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणाची दारं उघडली होती. नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती. दसरूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, कोणत्याही नावाड्याला ते पहिल्या दिवशी कळतं. त्यांनी माझ्या अंगातलं जॅकेट काढून नीट घातलं, कारण मी ते उलटं घातलं होतं.

"खाली पाहू नोका," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तिकडच्या काठावरचा झाड पाहा. झाड हालत नाही."

मी झाडाकडं पाहत राहिलो. नावेची कड दोन्ही हातांनी अशी धरली होती की पुढं चार दिवस बोटं सरळ झाली नाहीत. मधल्या खुणेपाशी नाव थांबली. दसरूभाऊंनी बाटली सोडली, दोरी ओढली, बाटली वर आली. आतलं पाणी तपकिरी, दाट. मॅडम वाकून पाहू लागल्या. आणि दसरूभाऊंनी, दोन महिन्यांच्या सवयीनं, खांद्यावरचा दुपट्टा काढून रिकाम्या बाटलीच्या तोंडावर पसरला.

मी त्यांना आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. त्यांनी तीनदा 'होय जी' म्हटलं होतं. पण समोर मॅडम म्हणजे पाहुण्या, त्याही बाईमाणूस. हात आपोआप चालला.

मी झाड सोडलं, नावेची कड सोडली, दोन्ही हातांनी दुपट्ट्यावर झडप घातली. दुपट्टा मिळाला. नाव मिळाली नाही.

पाण्याखाली काय वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. गार वाटतं आणि काहीच दिसत नाही, अगदी काहीच नाही, सगळं तपकिरी. जॅकेटनं मला वर ढकललं. मी हात मारत होतो, पाय मारत होतो, दुपट्टा सोडत नव्हतो. दसरूभाऊंनी बांबू लांबवून मला आकडीनं कॉलरला धरून ओढलं. मी महाराष्ट्रात पडलो आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत सापडलो, असं ते आजही सांगतात.

नावेत पडल्या पडल्या मी पहिलं तोंडातलं पाणी थुंकलं. दातांत रेती करकरत होती.

मॅडम घाबरून विचारत होत्या, "ठीक आहात ना? काही लागलं का?"

"मॅडम," मी म्हटलं, "नदीत गाळ भरपूर आहे."

काठावर चहा पिताना मी सगळं सांगितलं. तोंडात गाळ होता म्हणून असेल, पाठ केलेली भाषा आठवली नाही. साधं सांगितलं. नमुने गाळले गेले, पण गाळणाऱ्याला न गाळायला सांगणं हे माझं काम होतं. मी नावेत नव्हतो. एकदाही नव्हतो. सही माझी खोटी आहे, त्यांचं पाणी नाही.

मॅडम बराच वेळ नोंदवही चाळत होत्या. लाल वनस्पतिजन्य तंतूपाशी थांबल्या. दुपट्ट्याकडं पाहिलं. मग वहीत तोंड घालून त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरल्यावर त्यांनी सोबत आणलेली माझी सेवापुस्तिका उघडली. "इथं लिहिलंय, पोहता येतं."

"मॅडम, ते लिहिलं तेव्हा मी जमिनीवर होतो."

दसरूभाऊ लांब उभे होते. ते पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, साहेबाइची चूक नाही. ते पान्याले भेतेत. म्या सांगाले पाह्यजे होतं का नावेत काय करून राहिलो." त्यावर मॅडम त्यांना म्हणाल्या, "दसरूभाऊ, एवढ्या पुरात तुम्ही एकट्यानं बाटली धरायची, गाळायची, चिठ्ठी लावायची. हे सगळं एका हातानं?" दसरूभाऊंना वाटलं, त्या रागावल्या आहेत. "कधी कधी दातानं," ते म्हणाले.

अहवाल आला. दोन महिन्यांचे नमुने बाद, कारण: देखरेखीचा अभाव. मला लेखी ताकीद मिळाली, ती सेवापुस्तिकेत शेवटपर्यंत राहिली आणि माझी बढती तीन वर्षं लांबली. मोठ्या साहेबांनी 'उत्तम निरीक्षण' परत घेतलं. केंद्र चालू राहिलं. नावाडी अत्यावश्यक, असं मॅडमनी वेगळ्या परिच्छेदात लिहिलं होतं. दसरूभाऊ मार्चमध्ये कायम झाले. नवसाची कोंबडी मी खाल्ली.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक फेरीला नावेत बसलो. पोहायला शिकलो नाही, झाडाकडं बघायला शिकलो. पण एक सल राहिली आहे. त्या जुलै-ऑगस्टच्या पानांवर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आहेत. एवढा पूर माझ्या नोकरीत पुन्हा आला नाही, आणि त्या पुरात नदीनं काय नेलं हे आता कुणालाच कधी कळणार नाही. दुपट्ट्यातून पडलेल्या ओंजळभर मातीचं तरी वजन करायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता तिथं पाण्यात एक यंत्र बसवलं आहे. गढूळपणा ओळखून ते आपोआप आकडा पाठवतं. दिवसातून एकदा, सकाळी नऊच्या सुमाराला, गाळ अचानक वाढतो आणि तासाभरात उतरतो. नव्या मुलांनी मला फोन करून कारण विचारलं. मी म्हटलं, वरच्या अंगाला गावच्या म्हशी त्याच वेळी पाण्यात उतरतात. त्यांनी विचारलं, याची नोंद कशी करायची? मी म्हटलं, नावेत बसून.

गेल्या महिन्यात दसरूभाऊंकडं गेलो होतो. तेही कधीचे निवृत्त झालेत. अंगणात बाज टाकली, मला बसवलं. पाण्याचा लोटा आतून आणला. रिकाम्या पेल्यावर दुपट्टा धरला, तोच लाल, आता ठिगळं लावलेला. आणि ओतायच्या आधी त्यांचा हात थांबला. माझ्याकडं पाहत राहिले.

"साहेब," त्यांनी विचारलं, "आता गाळू काय जी?"

मी म्हटलं, "गाळा भाऊ. आता मी पाहुना आहो."